आइनस्टाइनने बोसांचा पेपर चोरला म्हणे! अहो, त्याने तो बसून भाषांतर केला होता

दर १ जानेवारीला, म्हणजे सत्येंद्रनाथ बोस यांच्या जन्मदिवशी, आमच्या फॅमिली ग्रुपवर तोच फॉरवर्ड येतो. यंदा मामाने टाकला. मजकूर थोडक्यात असा: "गॉड पार्टिकल शोधणारा खरा शास्त्रज्ञ भारतीय होता! ढाक्याच्या या साध्या मास्तराने वर्गात शिकवताना चुकून एक महान शोध लावला, भोळेपणाने आइनस्टाइनला पाठवला, आणि आइनस्टाइनने तो स्वतःच्या नावावर छापला. भारतीय म्हणून त्यांना नोबेल दिलं नाही. आपल्या देशानेही त्यांना विसरून टाकलं. सच्चे भारतीय असाल तर पुढे पाठवा." आणि खाली फोटो कोणाचा, तर जगदीशचंद्र बोस यांचा!

म्हणजे ज्यांच्यावर अन्याय झाला म्हणून गळा काढताय त्यांचा चेहरासुद्धा बघितलेला नाही. जगदीशचंद्र हे प्रेसिडेन्सी कॉलेजात सत्येंद्रनाथांना शिकवायला होते, ते रेडिओ लहरी आणि वनस्पतींवरच्या प्रयोगांवाले, माणूस वेगळा, काम वेगळं. मी फिजिक्स शिकवून पोट भरतो त्यामुळे हा फॉरवर्ड आला की माझं डोकं फिरतं, दरवेळी गप्प बसतो, यंदा नाही बसत. एकेक घेऊ.

आधी चोरीचंच बघू, कारण सगळ्यात जास्त शेअर होतं ते तेच.

१९२४. बोस तीस वर्षांचे, ढाका विद्यापीठात रीडर. त्यांनी प्रकाशकण मोजण्याच्या नव्या पद्धतीवर एक छोटा पेपर लिहिला, आधी इंग्लंडमधल्या एका मासिकाकडे पाठवला, तिथे काही तो छापला गेला नाही. मग ४ जून १९२४ ला त्यांनी तो थेट आइनस्टाइनला पाठवला आणि सोबतच्या पत्रात लिहिलं की तुम्हाला पेपर छापण्यालायक वाटला तर जर्मन मासिकात छापायची व्यवस्था करा, मला त्याचं भाषांतर करण्याइतकं जर्मन येत नाही. ओळख ना पाळख, जगातला सगळ्यात प्रसिद्ध शास्त्रज्ञ, आणि त्याला सरळ सांगायचं की माझा पेपर भाषांतर करून छापा! भोळेपणा म्हणतात याला? मला तर हा जबरदस्त कॉन्फिडन्स वाटतो.

आणि आइनस्टाइनने काय केलं? स्वतः बसून जर्मन भाषांतर केलं आणि 'त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक' या मासिकाकडे पाठवून दिलं. चार पानांचा पेपर. लेखक म्हणून नाव बोस यांचं, पुढे ढाका विद्यापीठ, आणि आइनस्टाइनचं नाव फक्त भाषांतरकार म्हणून. शेवटी भाषांतरकाराची टीप, की माझ्या मते ही महत्त्वाची प्रगती आहे आणि हीच पद्धत वायूंना लावली तर काय मिळतं ते मी दुसरीकडे दाखवीन. चोर असा असतो होय? मूळ मालकाचं नाव वर छापून, स्वतः त्याचा अनुवादक होऊन, खाली कौतुक लिहून?

गंमत म्हणजे चार वर्षं आधी बरोबर उलटं झालं होतं. १९२० मध्ये बोस आणि त्यांचे वर्गमित्र मेघनाद साहा यांनी आइनस्टाइनचे सापेक्षतेवरचे पेपर जर्मनमधून इंग्रजीत आणले होते, कलकत्ता विद्यापीठाने ते पुस्तक काढलं. मग तुमच्या लॉजिकने बोसांनी आइनस्टाइनचे पेपर चोरले म्हणायचं का?

अजून एक. बोसांनी लगेच दुसरा पेपरही पाठवला होता. तो आइनस्टाइनला पटला नाही. तरी त्याने तोही भाषांतर करून छापायला दिला आणि शेवटी लिहिलं की मला हे पटत नाही, का ते असं असं. न पटलेला माल कोण चोरतं? आणि त्याने बोसांना पाठवलेल्या साध्या पोस्टकार्डाने बोसांचं केवढं काम झालं बघा, ढाका विद्यापीठात युरोपला जाण्यासाठी दोन वर्षांची रजा मिळायला अडत होतं ते ते कार्ड दाखवल्यावर सुटलं, जर्मन व्हिसासुद्धा कार्ड बघून फी न घेता दिला, हे बोस स्वतःच सांगायचे. मग पॅरिसमध्ये आणि नंतर बर्लिनमध्ये राहून आले. परत आल्यावर पीएचडी नसताना ढाक्यात प्रोफेसर झाले, त्यातही आइनस्टाइनची शिफारस होती.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर एका जागी थोडा धूर आहे. बोसांच्या गणितात २ चा एक गुणक लागतो. त्यांना सुचलं होतं की प्रकाशकणाला स्वतःचं फिरणं असावं, ज्याला आज आपण स्पिन म्हणतो, आणि ते दोनच प्रकारचं असू शकतं. छापील पेपरात मात्र तिथे प्रकाशाच्या ध्रुवणाचं म्हणजे पोलरायझेशनचं (लहरीची थरथर दोन दिशांनी होऊ शकते त्याचं) कारण आहे. हा बदल आइनस्टाइनने केला असं बोसांच्या जवळची माणसं सांगत आली आहेत. १९३१ मध्ये रामन आणि भगवंतम यांनी प्रकाशकणाच्या स्पिनचा प्रयोगच केला. म्हणजे तक्रार करायचीच असेल तर इथे करा, इथे मुद्दा आहे! पण फॉरवर्डवाल्याला हे माहीतच नाही, त्याला डायरेक्ट चोरीच पाहिजे.

पुढचा दावा, "वर्गात चुकून शोध लागला". हा मला सगळ्यात जास्त खटकतो कारण यात बोसांचं काय मोठं होतं तेच गायब होतं.

दोन नाणी उडवा. दोन्ही छापा, दोन्ही काटा, किंवा एक छापा एक काटा. या तिसऱ्या प्रकाराचे दोन मार्ग आहेत, पहिलं नाणं छापा दुसरं काटा, किंवा उलट. म्हणून एकूण चार शक्यता आणि दोन्ही छापा पडायची शक्यता चारात एक, हे दहावीचं पोरगंही सांगेल. आता समजा ती नाणी अशी आहेत की पहिलं कुठलं आणि दुसरं कुठलं हा प्रश्नच विचारता येत नाही, ओरखडा नाही, खूण नाही, निसर्गालासुद्धा त्यांच्यात फरक करता येत नाही. मग छापा-काटा आणि काटा-छापा या दोन गोष्टी राहतच नाहीत, एकच होते. शक्यता तीन. दोन्ही छापा, तिनात एक! दोन्ही सारखी पडायची शक्यता आधी निम्मी होती ती आता दोन तृतीयांश झाली. म्हणजे असे कण एकमेकांसारखं वागायला, एकाच जागी गोळा व्हायला जास्त उत्सुक दिसतात. लेझरमध्ये अगणित प्रकाशकण एका सुरात चालतात त्याच्या मुळाशी हेच मोजणं आहे.

बोसांनी प्रकाशकण असेच मोजले. कुठला कण कुठल्या खणात, म्हणजे कुठल्या अवस्थेत, हे बघितलंच नाही, कुठल्या खणात किती कण एवढंच मोजलं. आणि त्यातून प्लांकचं १९०० सालचं सूत्र, तापलेल्या वस्तूतून कुठल्या रंगाचा प्रकाश किती निघतो ते सांगणारं, सरळ बाहेर आलं. ते सूत्र सगळ्यांना माहीत होतं, प्रयोगाशी जुळतही होतं, पण ते सिद्ध करताना थोडी जुनी विद्युतचुंबकीय लहरींची थिअरी आणि थोडी नवी क्वांटम अशी खिचडी करावी लागायची. आइनस्टाइनलाही ते खुपत होतं. बोसांनी लहरींना हात न लावता फक्त कण मोजून ते काढलं, आणि तेही अशा काळात जेव्हा नील्स बोरसारखा मोठा शास्त्रज्ञ प्रकाशाचे कण असतात हे मानायला तयार नव्हता.

मग हे चुकून झालं का? वर्गात फळ्यावर गणित चुकलं आणि उत्तर बरोबर आलं ही गोष्ट ऐकायला मस्त आहे, मीसुद्धा सुरुवातीची दोन-तीन वर्षं वर्गात सांगायचो, पोरं खूष होतात. पण ते विद्यापीठात हाच विषय शिकवत होते, प्लांकच्या सूत्राची सिद्धता पटत नाही म्हणून डोकं खात होते, आइनस्टाइन मूळ जर्मनमध्ये वाचत होते. खरी गोष्ट इतकीच, की आपण मोजण्याची पद्धतच बदलून टाकली आहे हे त्यांना त्या वेळी पूर्ण जाणवलं नव्हतं, नंतर मुलाखतीत त्यांनी ते स्वतः मोकळेपणाने सांगितलं. केलेल्या कामाचा आवाका नंतर कळणं आणि चूक होणं, यात फरक आहे की नाही?

आणि वायूंचं काम आइनस्टाइनचं स्वतःचं. बोसांनी प्रकाशाला लावलेली पद्धत त्याने अणूंना लावली आणि सांगितलं की खूप थंड केलं तर अणू सगळ्यात खालच्या एकाच अवस्थेत जाऊन जमतील. ते व्हायला १९९५ उजाडलं, अमेरिकेत बोल्डरला रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या जेमतेम एक कोटीव्या भागापर्यंत थंड केले तेव्हा. त्याला बोस-आइनस्टाइन कंडेन्सेट म्हणतात. दोन नावं, दोघांचं काम.

"गॉड पार्टिकल बोसांनी शोधला." नाही हो नाही. बोसांच्या पद्धतीने मोजले जाणारे जेवढे कण आहेत त्या सगळ्या जातीला ब्रिटिश शास्त्रज्ञ डिरॅकने बोसॉन हे नाव दिलं. प्रकाशकण बोसॉन, ग्लुऑन बोसॉन, आणि तुमचा गॉड पार्टिकल म्हणजे हिग्ज कण, तोपण बोसॉन. हिग्ज कणाची कल्पना १९६४ ची, पीटर हिग्ज आणि आणखी काहीजणांची, आणि युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेने तो सापडल्याचं जाहीर केलं ४ जुलै २०१२ ला. कुळाचं नाव बोसांचं म्हणून कुळातल्या प्रत्येकाचं बारसं त्यांनीच केलं असं होत नाही ना. खरं तर विश्वातले कण दोनच जातींचे, त्यातल्या एका अख्ख्या जातीला बोसांचं नाव आहे, आणि आपण भांडतोय एका कणासाठी! बाय द वे, २०१२ च्या त्या प्रयोगात मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची माणसंही होती, त्यांच्यावर कोणी फॉरवर्ड काढत नाही.

नोबेल. नॉमिनेशन झालं होतं, १९५६ आणि १९६२ ला तर नक्की. समितीने स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ ऑस्कर क्लाइन यांच्याकडून मत मागवलं, त्यांना काम तेवढं मोठं वाटलं नाही. मला विचाराल तर क्लाइन चुकले. पण "भारतीय म्हणून" हे एवढं सोपं कारण द्यायचं तर १९३० ला रामन यांना कसं मिळालं हे सांगावं लागेल. शिवाय कणांच्या दुसऱ्या जातीची मोजणी, फर्मी-डिरॅकची, तिच्यासाठीही कोणाला नोबेल नाही, फर्मीला न्यूट्रॉनच्या कामासाठी मिळालं आणि डिरॅकला अणूच्या सिद्धांतासाठी. कंडेन्सेटवाल्यांना २००१ ला मिळालं तोवर बोस जाऊन २७ वर्षं झाली होती, गेलेल्या माणसाला नोबेल देत नाहीत. युरोपात तेव्हा वसाहतीतल्या माणसाकडे बघायची नजर स्वच्छ होती असं मी म्हणत नाहीये, पण या केसमध्ये तेच कारण होतं हे दाखवायला काहीतरी पुरावा द्या की.

राहिलं "देशाने विसरलं". १९५४ ला, म्हणजे तो सन्मान सुरू झाला त्याच वर्षी, पद्मविभूषण. राज्यसभेवर नेमणूक, विश्वभारतीचे कुलगुरू, राष्ट्रीय प्राध्यापक, कोलकात्यात त्यांच्या नावाची राष्ट्रीय संशोधन संस्था. टागोरांनी १९३७ चं आपलं विज्ञानाचं पुस्तक त्यांना अर्पण केलंय. त्यांचं एक काम मात्र बंगालबाहेर खरंच कोणाला माहीत नाही, १९४८ ला त्यांनी बंगीय विज्ञान परिषद काढली, बंगालीतून विज्ञान पोचवायला, तिचं 'ज्ञान ओ विज्ञान' मासिक. बंगालीत विज्ञान शिकवता येत नाही म्हणणाऱ्याला एकतर बंगाली येत नाही नाहीतर विज्ञान, असं ते म्हणायचे म्हणतात. आपली मराठी विज्ञान परिषद १९६६ ची.

हे सगळं मी मामाला जसंच्या तसं पाठवलं. अर्ध्या तासाने अंगठा आला. संध्याकाळी त्याने तोच फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, आधीच्यातलं चोरीचं वाक्य काढून. फोटो अजून जगदीशचंद्रांचाच आहे.