शंभर रुपये कोणाला जड? (वसंतरावांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

वसंतराव, सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. मुंबई महापालिकेनं २०२५ मध्ये सुचवलेल्या कचरा शुल्कात गरिबांना सवलत हवी, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अशी सवलत मागणं म्हणजे मतांचं राजकारण. झोपडपट्टीवाले मालमत्ता कर भरत नाहीत, कचरा नाल्यात टाकतात आणि बिल मुलुंडच्या सोसायट्यांच्या नावावर फाटतं.

मालमत्ता कराचं आधी. २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना तो माफ आहे, आणि अशी घरं मुलुंडलाही भरपूर आहेत. त्या माफीला कोणी मतांचं राजकारण म्हटलं की आपल्याला राग येतो.

आता दर. महापालिकेच्या एप्रिल २०२५च्या मसुद्यात ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना १०० रुपये, ५० ते ३०० मीटरला ५००, त्यावर १,००० असे दर सुचवले होते. ५० चौरस मीटर म्हणजे ५३८ चौरस फूट. बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० फुटांची. तिथं सहाजण दाटीवाटीनं राहिले तरी शंभर आणि टॉवरमधल्या ५३० फुटांत एकटा माणूस राहिला तरी शंभरच. लालबागच्या जुन्या इमारतीत ६५० फुटांत पेन्शनवर भागवणारं जोडपं पाचशे भरणार, वरळीचा तीन हजार फुटांचा फ्लॅटवालाही तेवढेच. ही रचना गरिबांकडे झुकलेली आहे असं तुम्हाला वाटतं, मला ती मोठ्या फ्लॅटकडे झुकलेली दिसते.

नाल्याचं म्हणाल तर, टाकतात, खरं आहे. पण तुमच्याकडे सफाई कामगार गेटवरून डबे नेतो. गोवंडीच्या आतल्या गल्लीत गाडी शिरतच नाही. मग कोणा पोऱ्याला महिन्याला काही पैसे देऊन कचरा नाक्यावरच्या पेटीपर्यंत पोचवायचा, नाहीतर स्वतः न्यायचा. म्हणजे ते आजही पैसे मोजतात, फक्त पावती मिळत नाही. शिवाय १९२७ पासून शहराचा कचरा ज्या देवनारच्या कचराभूमीवर गेला, तिच्या वासात राहतात तेही हेच लोक.

तुम्ही सुचवलंत, सवलत द्यायचीच तर उत्पन्नाचा दाखला घेऊन द्या. इथे माझा ठाम विरोध. केशरी रेशनकार्डाची मर्यादा वर्षाला एक लाख. नवरा वॉचमन, बायको दोन घरी धुणीभांडी, एवढ्यावरच ती ओलांडली जाते. कागदावर हे कुटुंब सुखवस्तू! आणि दाखल्यासाठी रोज बुडवायचा तो वेगळाच. शंभर रुपये वाचवायला त्याहून जास्त घालवायचे. त्यापेक्षा घोषित झोपडपट्टी आणि ३० मीटरखालची खोली, एवढ्यावर सवलत आपोआप लागू करा, अर्ज नको.

पूर्ण माफी मात्र मीही मागत नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारातून कचरा नेते आणि वस्तीतल्या घरांना दर कमी ठेवते. थोडे पैसे घेतले की गाडी आली नाही म्हणून भांडायला तोंड राहतं. पण दारातून उचलणं आधी सुरू व्हावं, बिल नंतर.

तुमच्या शेवटच्या तक्रारीशी मात्र शंभर टक्के सहमत. सोसायटी ओल्या कचऱ्याचं खत आवारातच करते, तरी पूर्ण शुल्क का? ओला कचरा बाहेर जातच नसेल तर दर कमी हवाच. सोसायटीच्या लेटरहेडवर हे वॉर्ड ऑफिसला लिहून द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.