नवे खासदार एकत्र बसलेच नव्हते

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनच्या सचित्र साप्ताहिकांतले ‘नवे खासदार’ दाखवणारे एखादे पान हल्ली फिरते. सोबत मजकूर असतो: निवडून आलेले सगळे चित्रकारासमोर बसले, त्याने त्यांना तांब्याच्या पत्र्यावर कोरले, म्हणून हा प्रत्यक्षदर्शी पुरावा. हे पटण्याजोगे नाही.

‘सगळे एकत्र बसले.’ बसणार कधी? तेव्हा सार्वत्रिक मतदान एका दिवसात उरकत नसे. 1892 चे मतदान जुलैत काही आठवडे चालले आणि संसद भरली ऑगस्टमध्ये. साप्ताहिकाला तेवढे थांबणे परवडणारे नव्हते. चेहरे स्टुडिओतल्या फोटोंवरून घेतले जात. पुष्कळदा फोटोग्राफरचे नावही खाली छापलेले असते. पान नीट पाहा: एकावर उजेड डावीकडून, शेजाऱ्यावर उजवीकडून, डोक्यांचे आकार लहानमोठे. दादाभाई नौरोजी याच निवडणुकीत लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अवघ्या 5 मतांनी (फेरमोजणीत 3) जिंकले. त्यांचे असे चित्र मिळाले, तर त्या काळचा त्यांचा स्टुडिओ फोटो शेजारी ठेवा. मानेचा कल आणि कोटाच्या घड्या जुळल्या की मूळ सापडले.

‘पण मोठी समूहचित्रे तरी समोर बसवूनच काढत.’ चित्रकार जॉर्ज हेटरने 1833 च्या कॉमन्स सभागृहाचे (ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे) प्रचंड रंगचित्र केले, त्यातही शेकडो सदस्य एकेक करून बसले. काम 10 वर्षे चालले.

‘तांब्याचा पत्रा.’ इथे सर्वांत मोठी गफलत आहे. तांब्यात शाई खोदलेल्या रेघेत भरतात आणि कागद वेगळ्या दाबयंत्रातून काढतात. असा पत्रा खिळ्यांच्या (छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या) मजकुराबरोबर एका दमात छापता येत नाही. साप्ताहिके बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या आडव्या कापाचा, खिळ्यांच्याच उंचीचा ठोकळा वापरत. उरलेली उंच रेघ काळी उमटते, कोरलेला भाग पांढरा राहतो. बॉक्सवुडचे खोड बारीक, म्हणून मोठ्या चित्रासाठी तुकडे मागून बोल्टने जोडत. घाई असेल तर ते सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांकडे देत. जोडावरच्या रेघा मग एकच जण जुळवी. प्रती खूप काढायच्या तर ठोकळा झिजू नये म्हणून त्याचा तांब्याचा इलेक्ट्रोटाइप (विजेच्या साहाय्याने बनवलेली धातूची हुबेहूब नक्कल) करत. ‘तांबे’ खरे तेवढेच.

तपासायला 10 पट भिंग पुरे. जोड ढिला पडलेला असेल तर चित्रातून सरळ, केसाएवढी पांढरी रेघ जाते. रेघांऐवजी ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते कोरीव काम नव्हे, हाफटोन, म्हणजे फोटोवरून ठिपक्यांनी केलेली छपाई, आहे. 1890 च्या दशकातल्या अंकांत दोन्ही सापडतात.