'../' काढलं म्हणजे पाथ सुरक्षित?

पाथ म्हणजे फाइलचा पत्ता, आणि त्यातलं '../' म्हणजे 'एक फोल्डर वर जा'; ते वापरून आपल्या फोल्डरबाहेर पडता येतं. त्यावर डेव्हलपर मंडळींमध्ये एक तोडगा सर्रास फिरतो: "युजरने दिलेल्या फाइलच्या नावातून '../' काढा, पाथ आपल्या फोल्डरच्या नावाने सुरू होतो का बघा. मग बाहेरची फाइल कोणी वाचूच शकत नाही." यातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी '../' काढण्याचं. समोरच्याने '....//' पाठवलं तर? मधला '../' गाळला की उरतं नेमकं '../'. म्हणजे हल्ला आपल्याच कोडने तयार करून दिला. पुन्हा पुन्हा गाळलं तरी एन्कोडिंग (तीच अक्षरं सांकेतिक रूपात लिहिणं) शिल्लक राहतंच. 2021 मध्ये अपाची वेब सर्व्हरच्या 2.4.49 आवृत्तीत एन्कोड केलेला ठिपका तपासणीतून निसटत होता. दुरुस्ती म्हणून 2.4.50 आली, तीही दुहेरी एन्कोडिंगने चकली, मग 2.4.51 काढावी लागली. शिवाय ठिपके लागतातच असंही नाही. पायथॉनच्या पाथ-जॉइन या पाथ जोडणाऱ्या फंक्शनला '/' ने सुरू होणारं नाव दिलं, की ते आधीचं फोल्डर गुपचूप टाकून देतं.

"नावाने सुरू होतो का बघा" हे तर फारच भाबडं. परवानगी '/डेटा/फोटो' ला आहे आणि शेजारी '/डेटा/फोटो-खाजगी' आहे. स्ट्रिंग (नुसती अक्षरांची ओळ) म्हणून दोन्हींची सुरुवात एकच, त्यामुळे तपासणी खुशाल पास! तुलना अक्षरांची नको, पाथच्या एकेका घटकाची हवी. जावात स्ट्रिंगऐवजी पाथ ऑब्जेक्टचं स्टार्ट्सविथ वापरा. ते घटकच बघतं. पण त्याआधी '..' सोडवून घ्या, नाहीतर '/डेटा/फोटो/../गुप्त' हाही आतलाच ठरतो.

राहिला "वाचूच शकत नाही" हा दावा. नुसती स्ट्रिंग साफ करणाऱ्या फंक्शनला डिस्कवर काय आहे ते ठाऊक नसतं. फोल्डरमधली सिमलिंक (दुसऱ्या फाइल किंवा फोल्डरकडे नेणारा दुवा) बाहेर बोट दाखवत असेल, तर पाथ दिसायला निर्मळ आणि फाइल भलतीकडची. म्हणून रिअलपाथ (सिमलिंक आणि '..' सोडवून मिळणारा खरा पाथ) लागतो, आणि तो दोन्ही बाजूंना: मूळ फोल्डरलाही आणि फाइललाही. मॅकवर '/टीएमपी' हीच सिमलिंक असते. मूळ फोल्डर तसंच ठेवून फक्त फाइलचा पाथ सोडवलात, तर तिथल्या रास्त फाइलाही नाकारल्या जातील.

त्या फोल्डरमध्ये दुसरं कोणी लिहू शकत असेल, तर रिअलपाथही अपुरा. तपासणी आणि फाइल उघडणं यांच्यामधल्या क्षणात सिमलिंक बदलता येते. तिथे तपासणी कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) सोपवावी: लिनक्स 5.6 पासून ओपनअ‍ॅट2 या फाइल उघडण्याच्या कॉलमध्ये 'रिझॉल्व्ह-बिनीथ' हा पर्याय आहे, ते ठरवलेल्या फोल्डरबाहेर जाणारा पाथ उघडतच नाही. गो भाषेत 1.24 पासून ओएस-रूट हेच काम करतं.