आयर्लंडच्या कादंबऱ्यांमधली हेर टायपिस्ट खोटी नाहीये

सध्या वाचणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यावरच्या कादंबऱ्यांत दिवसा इंग्रजांच्या ऑफिसात टायपिंग करणारी आणि संध्याकाळी क्रांतिकारकांना कागद पोचवणारी बाई असते ना, ती म्हणे आजच्या लेखकांनी घुसडलीये, कारण तेव्हा बायका फक्त जेवण पोचवायच्या आणि मलमपट्टी करायच्या. वाचून खरंच राग आला. ज्यांनी जीव धोक्यात घातला त्यांना आपण कल्पनेतल्या ठरवतोय, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा, इंग्रज लष्कर आयरिश बाईला गुप्त कागदांजवळ फिरकू देईल का. दिलं ना! लिली मर्निन डब्लिनमध्ये लष्कराच्या ऑफिसात टायपिस्ट होती आणि क्रांतिकारकांचा गुप्तहेर प्रमुख मायकेल कॉलिन्स याची खबरी होती, तिचं टोपणनाव 'लिटल जंटलमन', म्हणजे कागदावर नाव सापडलं तरी पुरुषच वाटावा. क्लॉनलिफ रोडवरच्या एका घरात तिच्यासाठी टाइपरायटर ठेवलेला असायचा, किल्ली तिच्याकडे, ती जायची, दिवसभरात पाहिलेलं टाइप करायची आणि तिथेच ठेवून निघून यायची. २१ नोव्हेंबर १९२० च्या रक्तरंजित रविवारी सकाळी कॉलिन्सच्या माणसांनी ब्रिटिश अधिकाऱ्यांना त्यांच्या राहत्या जागी जाऊन मारलं, त्याआधी त्यांचे पत्ते गोळा करण्यात तिचा हात होता.

दुसरा मुद्दा, 'विधवा, पदरात मुलं, ती कशाला हे करेल, फारच फिल्मी'. मग जोसेफीन मार्चमेंट ब्राउनचं काय करायचं? ही कॉर्क शहरातल्या व्हिक्टोरिया बॅरॅक्समध्ये, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या छावणीत, नोकरीला, नवरा ब्रिटिश सैन्यात होता तो १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात गेला, थोरला मुलगा वेल्समध्ये सासरच्यांकडे, आणि कोर्टानेही ताबा त्यांनाच दिला. तेव्हा क्रांतिकारकांच्या कॉर्क ब्रिगेडचा गुप्तहेर प्रमुख फ्लॉरेन्स ओडोनहू (तिकडे हे पुरुषाचंही नाव असतं) आणि तिच्यात बोलणं झालं, १९२० मध्ये तो स्वतः वेल्सला गेला आणि मुलाला पळवून आयर्लंडला घेऊन आला. बदल्यात ती बॅरॅक्समधली माहिती देत राहिली, पुढे १९२१ मध्ये दोघांनी लग्न केलं, आणि ही गोष्ट कितीतरी वर्षं बाहेर कुणाला माहीतच नव्हती. कुठल्याही कादंबरीकाराने असं कथानक लिहिलं असतं तर याच मेसेजवाल्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. मला तर यातलं आईपणच सगळ्यात खरं वाटतं, देशासाठी त्याग वगैरे मोठे शब्द न वापरता पोर परत मिळावं म्हणून बाई किती लांब जाऊ शकते ते यात दिसतं.

बायका लढल्याच नाहीत हेही चूक. ग्लासगोची शिक्षिका मार्गारेट स्किनिडर टोपीत डिटोनेटर (बॉम्ब उडवायचे सुटे भाग) लपवून डब्लिनला आली होती, १९१६ मध्ये इंग्रजांविरुद्ध झालेल्या ईस्टर उठावात तिने छपरावरून बंदूक चालवली आणि तिला तीन गोळ्या लागल्या.

आणि खरं असतं तर इतिहासात आलं असतं, हा शेवटचा मुद्दा तर फारच दुखतो. येऊ दिलं नाही म्हणून आलं नाही! याच स्किनिडरने १९२५ मध्ये जखमांसाठी पेन्शन मागितली तर उत्तर मिळालं की कायद्यातला 'सैनिक' म्हणजे पुरुष, शेवटी १९३८ मध्ये मिळाली. उठावाच्या शेवटी त्याचा नेता पॅट्रिक पिअर्स शरण आला त्या फोटोत त्याच्या मागे नर्स एलिझाबेथ ओफॅरेल उभी होती, तिची फक्त पावलं आणि कोटाची कड दिसते, आणि पुढे छापताना काही ठिकाणी तीही पुसली गेली. आयर्लंड सरकारने १९४७ ते १९५७ मध्ये लढ्यातल्या लोकांच्या १,७७३ साक्षी लिहून घेतल्या आणि २००३ पर्यंत बंद ठेवल्या, त्यात मर्निनचीही साक्ष आहे.

या कादंबऱ्यांवर टीका जरूर करा, मीही करते. हेर बाई आली की इंग्रज अधिकाऱ्याशी तिचं प्रेमप्रकरण जोडायचंच, हे मला अजिबात पटत नाही, कारण मर्निनच्या साक्षीत तसलं काही नाही, आहेत ती नावं, पत्ते आणि टाइप केलेले कागद. ती साक्ष ऑनलाइन फुकट आहे, पुढच्या वेळी तो मेसेज आला की खाली तिची लिंक टाका.