लहान मुलांच्या घराचं वर्ष नीट आखून घ्या

ज्यांच्या घरात एक चार वर्षांचं आणि एक दीड वर्षाचं मूल आहे, त्यांनी वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्या वर्षाचं नियोजन उरकून घ्यावं. नंतर वेळ मिळत नाही. तेव्हाही मिळत नाही, पण निदान दिनदर्शिका कोरी असते आणि धाकटीच्या हाती लागलेली नसते. चार रंगांची पेनं आणा. एक नोकरीसाठी, एक मुलांसाठी, एक घरकामासाठी आणि एक 'फक्त आपल्या दोघांसाठी'. हे चौथं पेन जपून ठेवा. वर्षअखेरीला त्यात शाई भरपूर उरलेली असते, पुढच्या वर्षी कामाला येईल.

आजारपणं नियोजनात धरायची नाहीत. आजारी पडतात ती इतरांची मुलं, ज्यांच्याकडे हात धुवायची शिस्त नसते. आता डॉक्टर म्हणतात की या वयाच्या मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं अगदी साहजिक आहे आणि मूल पाळणाघरात किंवा बालवाडीत जात असेल तर त्याहूनही जास्त. एकेक सर्दी आठवडा-दहा दिवस मुक्काम ठोकते. इथे गुणाकार करायचा मोह होईल, तो आवरा. दोघं एकदमच आजारी पडली तर एकाच रजेत भागेल, असं ज्यांना वाटतं त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. इतका आशावाद हल्ली दुर्मीळ झालाय. प्रत्यक्षात थोरल्याची सर्दी उतरणीला लागली की धाकटीला धरते, धाकटीची उतरली की तुम्हाला, आणि तुम्ही वाफ घेत बसलेले असताना थोरला बालवाडीतून नवी घेऊन येतो. सर्दी आणणाऱ्या विषाणूंपैकी एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेच्या वर प्रकार आहेत. एकाशी झुंजून कमावलेली ताकद दुसऱ्यापुढे फारशी चालत नाही. तेव्हा साठा संपेल ही काळजी नको.

मुलाचं नाक वाहत असताना त्याला बालवाडीत सोडायचं असेल तर बाईंनी विचारायच्या आत म्हणा, "धुळीची ॲलर्जी आहे हो, ताप अजिबात नाही." दुसऱ्याच्या मुलाचं नाक वाहताना दिसलं तर म्हणा, "अशा मुलांना पाठवतात तरी कसे लोक?" दोन्ही वाक्यं एकाच सकाळी म्हणायला हरकत नाही, मात्र जरा अंतर ठेवून.

ताप आला की दवाखान्यात जावंच लागतं. रात्रभर फणफणलेलं, मान टाकून पडलेलं मूल दवाखान्याच्या दारात पाय ठेवताच टुणकन उडी मारतं आणि तिथल्या वजनकाट्यावर नाचायला लागतं. डॉक्टर त्याच्याकडे बघतात, मग तुमच्याकडे बघतात. तुमच्याकडे जास्त वेळ बघतात. सर्दी विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नसतो, हे ते समजावून सांगतील. समजूतदारपणे मान डोलवा आणि निघता निघता विचारा, "मग एखादं स्ट्राँग औषध?" जे काही मिळेल ते घरी नेऊन पाच मिलिलिटर अगदी रेघेपर्यंत मोजा. मापाच्या बाबतीत काटेकोर राहा. त्यातलं निम्मं मुलाच्या गळपट्टीवर आणि उरलेलं तुमच्या बाहीवर जाणार असलं तरी.

एकाला कांजिण्या झाल्या तर दुसऱ्यासाठी लगेच रजा टाकू नका. संसर्ग झाल्यापासून पुरळ दिसायला 10 ते 21 दिवस लागतात. तेवढ्यात तुमचा ठरलेला प्रवास अगदी तोंडावर येतो.

आता बाहेर पडण्याविषयी. दहाला निघायचं असेल तर साडेआठला तयारी सुरू करा आणि शांत राहा, कारण मुलं घाई ओळखतात. थोरल्याला स्वतःचे बूट स्वतःच घालायचे असतात. घालू द्या, स्वावलंबन फार महत्त्वाचं. तो डावा बूट उजव्या पायात घालेल, तुम्ही सांगाल, तो म्हणेल हाच बरोबर आहे, आणि पुढची दहा मिनिटं या मुद्द्यावर त्याच्याइतका ठाम माणूस घरात दुसरा नसेल. तोवर धाकटीने एक मोजा काढून ओला केलेला असतो. कशात, ते शोधू नका. अखेर सगळे दारात, पिशवी खांद्यावर, किल्ली कुलपात. बरोबर याच क्षणी थोरला जाहीर करतो, "मला शू आली." निघण्यापूर्वी तीनदा विचारलं होतं, हे त्याला ऐकवू नका. तेव्हा आली नव्हती, आत्ता आली. यात त्याचं काय चुकलं?

झोपेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगून ठेवलंय: एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी 11 ते 14 तास आणि तीन ते चार वर्षांच्यांना 10 ते 13 तास झोप हवी, दुपारची धरून. हे आकडे छापून भिंतीवर लावा. रात्री अडीचला धाकटी पलंगावर उभी राहून टाळ्या वाजवायला लागली की तिला दाखवता येतील. त्याच सूचनांमध्ये असंही आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात तासाभरापेक्षा जास्त पडद्यापुढे बसू नये, आणि धाकटीच्या वयाला तर पडदा नकोच. हे कसोशीने पाळा. थोरल्याचा तास संपला रे संपला की त्याच्या हातातला फोन काढून घ्या आणि स्वतः बघत बसा. सूचना पाच वर्षांखालच्यांसाठी आहेत, तुमचं वय त्यात बसत नाही.

मूल किरकिर का करतंय, असं कुणी विचारलं तर "दात येतायत" म्हणा. दुधाचे दात 20. साधारण सहाव्या महिन्याला सुरू होतात आणि तीन वर्षांपर्यंत येत राहतात, म्हणजे हे उत्तर अडीच वर्षं सहज पुरतं. पुढे सहाव्या वर्षाच्या आसपास ते पडायला लागतात. मधल्या काळासाठी "वाढीचं वय आहे" ठेवा.

वाढीवरून कपडे आठवले. ते नेहमी वाढत्या अंगाचे घ्यावेत. दोन वर्षांनंतर मुलाची उंची वर्षाला साधारण पाच ते सात सेंटीमीटर वाढते, त्या हिशेबाने दोन मापं मोठी पँट घेतली की पहिल्या वर्षी ती दुमडून घालता येते आणि दुसऱ्या वर्षी, जेव्हा ती नेमकी मापाची होते, तेव्हा तिच्या गुडघ्यांना भोकं पडलेली असतात. ठेवणीतले कपडे ठेवणीतच ठेवा. ते एकदाही न घालता धाकटीला होतात आणि तीही न घालता त्यातून बाहेर येते. मग ते अगदी नव्यासारखे तुमच्या मैत्रिणीला देता येतात. ती हरखून जाते. तिलाही वाढत्या अंगाचेच हवे असतात.

फोटो भरपूर काढा. हसरा फोटो येईपर्यंत मुलांना हसा म्हणून ओरडत राहा.

वर्ष संपत आलं की तुमच्या ओळखीत कुणाकडे तरी पहिलं बाळ आलेलं असतं. आवर्जून भेटायला जा. डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन ते दोघं विचारतील की हे सगळं कधी सोपं होतं. त्यांच्या मांडीवरच्या त्या एका जागी पडून राहणाऱ्या, पळू न शकणाऱ्या, स्वतःचं मत नसलेल्या जीवाकडे बघा, खुर्चीत ऐसपैस रेलून बसा आणि म्हणा, "हे तर काहीच नाही. चालायला लागू दे, मग सांगा." ते हादरले तर थांबू नका. दुसऱ्या बाळाचा विषय काढा.