‘बॉडी घ्यायला या’ म्हणणाऱ्या आवाजाबद्दल

ताई,

पोलिसांच्या मनावरच्या ताणाविषयी मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचा धाकटा भाऊ लोकलमधून पडून गेला, तेव्हा पोलीस ठाण्यातून फोन आला तो एवढाच: ‘पेशंट एक्स्पायर झालाय, बॉडी घ्यायला या.’ मग ठाण्यात बाकावर बसवून ठेवलं, पाणीही कुणी विचारलं नाही. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘ताण तुमच्या मनावर की आमच्या? पगार घेता ना या कामाचा?’

तुमच्याशी जे वागले ते चूकच. त्याची बाजू मी घेणार नाही. पण नोकरीची बरीच वर्षं मी लोहमार्ग पोलिसांत काढली, तसे फोन केले, म्हणून तो फोन करणारा कुठून उठून आलेला असतो ते सांगतो.

रुळावर कुणी पडल्याचा स्टेशन मास्तरचा मेमो, म्हणजे लेखी निरोप, येतो. हवालदार आणि स्ट्रेचरवाले हमाल रुळावर उतरतात. जे मिळेल ते गोळा करायचं, कारण दुसऱ्या बाजूने गाड्या चालूच असतात. मग पंचनामा. डोक्यापासून पायापर्यंत प्रत्येक जखम, कपड्यांचे रंग, गोंदण, गळ्यातला ताईत, खिशातला पास, सगळं लिहायचं. ओळख पटत नसली तर कॉलरच्या आतलं शिंप्याचं लेबल बघायचं. डब्यातली भाजीसुद्धा लिहिलीय मी. आणि हे चालू असताना खिशातला मोबाइल वाजतो, स्क्रीनवर ‘मम्मी’. उचलला तर काय बोलायचं? 11 जुलै 2006 ला अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हा गेलेल्यांचे फोन असेच वाजत राहिले होते. तो दिवस सगळ्यांच्या लक्षात आहे. पण मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर एरवीही वर्षाला 2000 हून जास्त माणसं जातात, आणि त्यातल्या प्रत्येकाजवळ कुणीतरी कागद घेऊन बसलेलं असतं.

9 जून 2025 ला दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान गर्दीच्या लोकलमधून माणसं पडली. गेलेल्यांत लोहमार्ग पोलिसांतला एक शिपाईही होता. त्याचीही कागदपत्रं त्याच्याच खात्याने केली.

पगाराचं म्हणाल, तर पगार डॉक्टरही घेतात. पण नातेवाइकांशी कसं बोलायचं हे त्यांना शिकवावं, असं 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातच आहे. मला परेड शिकवली, कलमं शिकवली. घरच्यांना मृत्यूची बातमी कशी द्यायची, हे मात्र एका सिनियरने चहा पिता पिता सांगितलं: ‘झटकन सांगून मोकळा हो, रडायला लागले की ठेव.’ तुम्हाला आलेला फोन याच शाळेतला आहे, ताई. ‘बॉडी’ म्हटलं की समोर भाऊ, मुलगा, नवरा दिसत नाही आणि पुढचा मेमो घेता येतो. हा कोरडेपणा पहिल्या वर्षी नसतो. पहिल्या वर्षी पोरगा जेवत नाही, घरी आल्यावर अंगणातच अंघोळ करतो, बायकोने विचारलं तर ‘काही नाही’ म्हणतो. मग कुणी दारूला लागतं, कुणी मुलांवर डाफरतं, आणि बाकीचे तुमच्याशी वागले तसे वागायला लागतात. दगड झाल्याशिवाय टिकता येत नाही, अशी त्यांची समजूत होते. ती त्यांच्या हाडात जाते आणि तुमच्यासारख्यांच्या कानावर आदळते.

(कोठडीत हात उचलणाऱ्यांना मी यात धरत नाही. त्यांचा विषय वेगळा आणि त्यांना माफीही नाही.)

म्हणून मी सहानुभूती मागत नाही, खात्याकडे बंदोबस्त मागतोय. एकाच माणसाला रोज रुळावर धाडू नका. बातमी द्यायला शिकलेला माणूस ठाण्यात ठेवा. आलेल्या नातेवाइकांना बाकावर न ठेवता कुणीतरी सोबत करा. मोठ्या घटनेनंतर समुपदेशक पाठवता, तसा रोजच्या पंचनाम्यांनंतरही कधीतरी पाठवा. ‘पोलिसांत असलं चालत नाही’ हे उत्तर मला ठाऊक आहे. 2016 मध्ये मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू झाली, तोपर्यंत तीही चालत नव्हती.

आता तुमच्या कामाचं. भावाकडे पास किंवा तिकीट असेल, तर गाडीतून पडून मृत्यू झाल्याबद्दल रेल्वे दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. रक्कम 8 लाख रुपये आहे. मुदत एक वर्षाची. उशीर झाला असला तरी सबळ कारण दाखवून माफ करून घेता येतो. ठाण्यातून पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत मागा, आणि पंचनाम्यात पासची नोंद आहे का ते आधी बघा. नसली तर मला कळवा, अर्ज कसा लिहायचा ते मी सांगतो.