जांभईचा खुलासा

काल संध्याकाळी आमच्या कुरिअर कंपनीच्या हबवर, म्हणजे गोदामावर, टेंपो लावून किल्ली काढतोय, तोच सुपरवायझरने खिडकीतून कागद आत सरकवला. मेमो. 'आपण कर्तव्यावर असताना तीन वेळा जांभई दिल्याचे निदर्शनास आले आहे, तरी आपणावर कारवाई का करण्यात येऊ नये याचा खुलासा २४ तासांत करावा व यापुढे असे घडू नये ही सक्त ताकीद देण्यात येत आहे.' सोबत तीन फोटो, रंगीत. तिन्हींत माझं तोंड खंबाटकीच्या बोगद्याएवढं उघडं. जांभईला शंभर या दराने दंडाचे तीनशे रुपये लावूनही झालेले.

जांभई मी दिलेलीच नाही. मी 'पार्सल' असं ओरडलो होतो.

पुण्याच्या पेठांमध्ये ज्याने माल वाटलाय त्याला पुढचं सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात. वाड्याला बेल नसते. असलीच तर ती तळमजल्यावरच्यांची असते, ज्यांचं पार्सल कधीच नसतं. ॲपमधून फोन लावावा तर समोर भलताच नंबर दिसतो आणि कर्जवाल्यांचा समजून कापला जातो. गाडी सोडून जिना चढावा तर रस्ता सम-विषम पार्किंगचा. तारीख आणि बाजू यांचं जमलं नाही, तर खाली येईपर्यंत चाकाला जॅमर. शिवाय मागे साठ पार्सलं राम भरोसे. म्हणून टेंपो वाड्याच्या दारात, इंजिन चालू, चारही इंडिकेटर चालू, आणि बसल्या जागेवरून हाक: पाऽऽऽर्सल! पहिला मजला असेल तर 'पा' आखूड, तिसरा असेल तर पार सुरात लांबवायचा. मान खिडकीकडे वळवायची नाही, कारण 'लक्ष विचलित' हे वेगळे पन्नास. तोंड समोर ठेवून आवाज तेवढा डावीकडे फेकायचा. यायला दोन महिने लागतात, पण येतं.

आता ते फोटो काढणारी कॅमेऱ्याची डबी. आरशाशेजारी चिकटवलेली असते, तिला दोन डोळे. एक रस्त्याकडे, एक आपल्याकडे. आपल्याकडच्या डोळ्याभोवती इन्फ्रारेडचे बारीक दिवे, म्हणजे अंधारातही सुटका नाही. तिला माणूस दिसत नाही, चेहऱ्यावरचे ठिपके दिसतात: पापण्यांच्या कडा, ओठांच्या कडा, नाकाचा शेंडा. वरच्या-खालच्या ओठांतलं अंतर भागिले तोंडाची रुंदी, एवढाच तिचा हिशेब. तो आकडा ठरावीक मर्यादेच्या वर दोन सेकंद राहिला की जांभई. आवाज या हिशेबात कुठेच नाही. त्यामुळे वडापावचा मोठा घास धोक्याचा, भजन धोक्याचं, हाक तर सरळसरळ गुन्हा. शिव्या तेवढ्या वाचतात, कारण त्या आखूड असतात.

जांभई पकडली की डबी बोलते. "कृपया विश्राम करें." आता खरंच कडेला घेऊन विश्राम करावा, तर पाच मिनिटांनंतर 'आयडलिंग', म्हणजे गाडी नुसती उभी, सुरू होतं, त्याचे पन्नास. सलग पाच तास कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती, हे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात लिहिलेलं होतं. डबीने तो वाचलेला दिसतो. मॅनेजरने नाही.

ब्रेकचं त्याहून सुंदर आहे. त्याच डबीत धक्का मोजणारा सेन्सर असतो आणि आमच्याकडे त्याची हद्द ०.३ जी ठेवली आहे (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा जोर). ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सव्वाआठ मीटर. त्या वेगावरून ०.३ जीच्या आत, सौम्यपणे, सुसंस्कृतपणे थांबायचं तर साधारण १२ मीटर लागतात. कुमठेकर रस्त्यावर पुढे १२ मीटर मोकळे सोडून बघा. त्यात तीन स्कूटर, एक रिक्षा आणि एक हातगाडी मावते, आणि ती येऊन मावतातच. स्कूटर आडवी येते ती चार मीटरवर. म्हणजे करकचून ब्रेक, म्हणजे पन्नास रुपये. ब्रेक मारला नाही तर पन्नासात भागत नाही, एवढाच काय तो पर्याय. वर, रस्त्यातल्या खड्ड्यालाही डबी कधीकधी ब्रेक समजते, तेव्हा महापालिकेचे पन्नासही आमच्याच खात्यावर पडतात.

सकाळचा फोटो हा स्वतंत्र विषय आहे. गणवेश, शर्ट आत, काळे बूट, डोक्यापासून पायापर्यंत एका फोटोत, हबपासून शंभर मीटरच्या आत उभं राहून. त्याशिवाय लॉगिनच होत नाही. आमच्या हबवर नऊ नंबरचा एक काळा जोड दाराआड ठेवलेला असतो. सव्वासातला रांग लागते. सहा नंबरवाला त्यात पाय सरकवून उभा राहतो, अकरा नंबरवाला टाचा बाहेर ठेवून. फोटो झाला की पुढचा. गेल्या महिन्यात ऑडिटवाल्याने शेरा मारला, 'सर्व चालकांचे बूट उत्तम स्थितीत.' एकाच बुटाची इतकी तारीफ झालेली मी पाहिली नव्हती.

तर आज सकाळी पुन्हा तोच वाडा. तिन्ही हाका काल इथेच वाया गेल्या होत्या आणि पार्सल 'ग्राहक उपलब्ध नाही' म्हणून परत आलं होतं. (असं तीनदा परत आलं की त्याचं आरटीओ होतं. आमच्या धंद्यात आरटीओ म्हणजे माल पाठवणाऱ्याकडे परत. टेंपोवाल्याला दोन आरटीओ सांभाळावे लागतात आणि दोन्हीकडे खेटे घालावे लागतात.) आज हाक मारायची हिंमत नव्हती. तोंड मिटून बसलो होतो, तर दारातच पांढऱ्या बंडीतले एक काका उभे.

"काल तीन वेळा ओरडलात ते तुम्हीच ना?"

"हो. ऐकू आलं होतं तुम्हाला?"

"स्पष्ट."

"मग आला का नाहीत?"

"माझं नाव कुठे घेतलंत? पार्सल म्हणालात. मी पार्सल नाही."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. ओटीपी मागितला, तर ओटीपी कुणालाही सांगू नये असं बँकेने लेखी कळवलंय म्हणाले. पार्सल बँकेचं नाही, असं समजावतोय तोच त्यांची नजर डॅशबोर्डवरच्या मेमोवर गेली. माणूस एकदम बदलला. कोपऱ्यावर भेळेची गाडी दिसल्यावर मुलाचा होतो तसा चेहरा. "बघू," म्हणाले, आणि बंडीच्या खिशातून चष्मा आणि लाल पेन दोन्ही निघालं. निवृत्त माणूस सकाळी नऊ वाजता बंडीत लाल पेन का बाळगतो, हे विचारायचं राहून गेलं.

"अरे, हा मेमो आहे की ताकीद?" 'अहो'चं 'अरे' झालं तेव्हाच कळलं, आता सुटका नाही.

"काय फरक पडतो काका?"

"पडतो म्हणजे! चौतीस वर्षं लेखा खात्यात मेमो काढण्यात गेली माझी. 'कारवाई का करू नये' असं विचारायचं आणि त्याच वाक्यात ताकीद द्यायची? आधी खुलासा, मग निर्णय. आणि पैसे?"

"लावले तीनशे."

"म्हणजे फाशी देऊन मग वकीलपत्र. आणि हे 'निदर्शनास आले आहे'. कुणाच्या? वाक्याला कर्ताच नाही." कागदावर पहिली लाल रेघ. "जावक क्रमांक नाही." दुसरी. "सहीखाली हुद्दा नाही." तिसरी. "असा मेमो माझ्या टेबलावर आला असता, तर लिहिणाऱ्यालाच मेमो दिला असता."

मग हिशेब. या महिन्यात एकूण दंड किती? जांभयांचे तीनशे, ब्रेकचे चार वेळा दोनशे, बूट-शर्टचे तीन वेळा दीडशे, बेरीज साडेसहाशे. पगार किती? एकोणीस हजार. काकांनी डोळे मिटले. "एकोणीस हजाराचे तीन टक्के, पाचशे सत्तर. वेतन अदायगी कायदा १९३६, कलम आठ. एका पगारात तीन टक्क्यांच्या वर दंड नाही. ऐंशी रुपये सरळ बेकायदा."

तो कायदा जाऊन आता २०१९ ची वेतन संहिता आलीय, असं आमच्यातलाच एक जण सांगत होता, ते मी म्हणालो. काकांनी हात झटकला. "नाव बदललं. टक्के तेच आहेत." खरंच तेच आहेत. बाकीच्या अटीही तशाच: दंडाच्या कारणांची यादी सरकारकडून आधी मंजूर करून घ्यायची, कामाच्या जागी लावायची, माणसाला बाजू मांडू द्यायची, हप्त्याने कापायचा नाही, नव्वद दिवस उलटल्यावर वसूल करायचा नाही, रजिस्टर ठेवायचं.

"तुमच्या हबवर यादी लावलीय?"

"हबवर 'हसा, तुम्ही कॅमेऱ्यात आहात' लावलंय."

"आणि दंडाचा पैसा मालकाने खिशात घालायचा नसतो. तो कामगारांच्या हितासाठीच खर्चायचा."

"काका, आमचा पाण्याचा कूलर गेल्या उन्हाळ्यापासून बंद आहे."

"मग अजून कुणी पुरेशा जांभया दिलेल्या दिसत नाहीत."

एव्हाना अकरा मिनिटं झाली होती. मी घड्याळ बघत होतो, कारण माझा हिशेब वेगळा आहे. नऊ तासांची शिफ्ट, त्यात वाघोलीहून पेठेत यायला एक तास आणि जायला एक, उरली ४२० मिनिटं. पार्सलं ९०. म्हणजे पार्सलाला ४ मिनिटं ४० सेकंद, त्यातच गाडी लावणं, मागून पार्सल उपसणं, स्कॅन, जिना, ओटीपी, फोटो, आणि रोखीचं असेल तर पाचशेच्या नोटेची मोड. काकांनी जवळजवळ अडीच पार्सलांची वेळ आधीच खाल्ली होती आणि आता ते माझा खुलासा तोंडी मांडायला लागले होते. "सदर चालकाने जांभई दिली नसून उच्च स्वरात पुकारा केला... थांब. पुकारा किती वेळाचा? मोजायला हवा. म्हण बघू."

"आत्ता?"

"पुराव्याशिवाय खुलासा म्हणजे रडगाणं. म्हण."

मी सीटवर बसलो, समोर बघितलं आणि म्हणालो: पाऽऽऽऽर्सल!

"साडेतीन सेकंद," काका मनगटाकडे बघत म्हणाले, आणि डबी म्हणाली, "कृपया विश्राम करें."

"हे कोण बोललं?"

"चौथी जांभई, काका. शंभर रुपये."

"हिंदीत?" शंभर रुपयांपेक्षा त्यांना तेच जास्त लागलं. बराच वेळ डबीकडे रोखून बघत होते. मग मात्र त्यांनी जे सांगितलं ते आमच्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. "अरे, चूक तुझ्या शब्दात आहे. पार्सलचा 'पा' आकारान्त. 'आ' म्हणायचा तर जबडा उघडणारच, डॉक्टरसुद्धा घसा बघायला 'आ'च म्हणायला लावतो. त्याऐवजी कुरिअर म्हण. 'कु'ला ओठांचा चंबू होतो. हवा तेवढा ओढ. आता लिहिताना तो ऱ्हस्व आहे आणि तू दीर्घ करणार, पण पोटासाठी माणूस काय काय करतो."

पुढच्या वाड्यापाशी करून पाहिलं. कूऽऽऽऽरिअर! डबी गप्प. पाच सेकंद ओढलं तरी गप्प. वाड्यातल्या आंब्यावरून कोकिळाने उत्तर दिलं, तिसऱ्या मजल्यावरून एका पोराने दिलं, आणि त्याच्या आजीने त्याला आत ओढून खिडकी लावून घेतली. पार्सल न्यायला कुणी आलं नाही. तोंडाला रुमाल बांधून ओरडणं, डबीवर स्टिकर लावणं हे बाकीच्यांचे उपाय मी आधीच बाद केले होते. रुमालाला 'चेहरा अस्पष्ट' लागतं आणि स्टिकरला पाचशे.

काकांनी खुलासा दोन पानं लिहून दिला. कायदा, कलम, टक्के, सेकंद, सगळं त्यात, खाली 'प्रत माहितीस्तव' असं तीन ठिकाणी. संध्याकाळी मॅनेजरने तो उभ्या उभ्या चाळला. "हा दंड नाहीये," म्हणाला, "इन्सेंटिव्ह ॲडजस्टमेंट आहे. दंड आपण कुणालाच लावत नाही." म्हणजे आधी पगाराचाच एक तुकडा काढून त्याला इन्सेंटिव्ह म्हणायचं आणि मग तो दिला नाही म्हणायचं. तीन टक्के गेले, रजिस्टर गेलं, कूलरही गेला. आणि खुलासा कागदावर चालत नाही, तो ॲपमध्ये इंग्रजीत भरायचा, २५० अक्षरांत. काकांची नुसती प्रस्तावनाच त्याहून मोठी होती. मी भरलं: नॉट यॉनिंग, शाउटिंग. थांबलेल्या चौदा मिनिटांचं आयडलिंग तोवर लागलेलं होतं.

रात्री रेटिंग आलं. काकांनी ओटीपी शेवटी सुनेला विचारून दिला होता, त्यामुळे त्यांना मेसेज गेला आणि त्यांनी तो प्रामाणिकपणे भरला. पाचपैकी चार. खाली शेरा: 'चालक सौजन्यशील. उच्चारांकडे लक्ष द्यावे. पाच मी कुणालाच देत नाही.'

साडेचारच्या खाली सरासरी गेली की रिफ्रेशर, म्हणजे पुन्हा ट्रेनिंग, लागतो. माझी ४.४८ झाली. शुक्रवारी, शिफ्ट संपल्यावर, हबवर रात्री ८ ते १०, बिनपगारी. विषय: थकवा व्यवस्थापन.